मोठीआईची घासाघीस

थोरलीला घर बघायला बोलावलं ते मत द्यायला नव्हे, नावं ठेवायला. पुतण्याने काही आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "मोठीआई, तू नुसती ये आणि तोंड सोड. बाकीचं मी बघतो. तुझ्यासारखी घासाघीस आपल्या घराण्यात कुणाला जमायची नाही."

"बघू," थोरली म्हणाली. मनात म्हणाली, येते की. अशी येते, की घर घ्यायचं नावच काढणार नाहीस पुन्हा.

कारण घर घेतलं की धाकटी जाणार होती. धाकटी म्हणजे तिची जाऊ, या पोराची आई. खाली गाद्यांचं दुकान, वर दोन्ही भावांच्या खोल्या आणि दोघींत मिळून एकच स्वयंपाकघर, अशा त्या घरात दोघी तरुणपणी आल्या आणि तिथेच केस पांढरे करून बसल्या. भांडल्या नाहीत असं नाही. चांगल्या कडाकडा भांडल्या. पण भांडणात जो अबोला धरायचा तो एकाच ओट्यावर, कोपराला कोपर लावून, त्यामुळे तो फार टिकायचा नाही. दीर गेला तेव्हा थोरलीने आपली गादी उचलून धाकटीच्या खोलीत नेली आणि वर्षभर तिथेच झोपली. थोरल्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, त्यावर चकार शब्द काढला नाही. थोरलीला मूलबाळ नव्हतं. पुतण्यालाच दोघींनी वाढवला, एकीने लाड करायचे आणि एकीने कान पिळायचे. कान पिळायचं काम कुणाकडे होतं ते सांगायला नको.

तर त्या पुतण्याला आता मोठी नोकरी लागली होती, बायको आली होती, आणि शहराबाहेर गोल्फच्या मैदानाभोवती भिंत घालून जी घरं बांधली होती त्यातलं एक त्याला घ्यायचं होतं. आईला घेऊन जाणार होता. थोरलीलाही म्हणाला होता, "तूही चल की," आणि तोंडदेखलं नव्हे, अगदी मनापासून. पण थोरले म्हणजे हट्टाचा डोंगर. "मी या दुकानातून उठणार नाही. मला उचलून न्यायचं तेव्हा न्या." मग थोरली कुठे जाणार?

आणि पोराचं चुकलं तरी काय होतं! धाकटीचे गुडघे पार गेले होते. घराचा जिना उभा, अंधारा. ती बसत बसत उतरायची, एक पायरी खाली थोरली उभी, दोन्ही हात पुढे करून. "आई गं," धाकटी म्हणायची. "ये गं, ये, मी आहे," थोरली म्हणायची. हे सगळं पोराने बघितलं होतं, म्हणून तर घाई.

थोरलीलाही ते दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि काळजाचा तुकडा तोडून देणं वेगळं.

आता ती घासाघीस काय होती ते सांगायलाच हवं. धाकटी नवी नवरी असतानाची गोष्ट. दोघी गाद्यांच्या खोळींसाठी कापड आणायला ठोक व्यापाऱ्याकडे गेल्या होत्या. थोरलीने ठाण उलगडून उजेडात धरलं आणि सुरू झाली. हे कापड आहे का चाळण? कापूस आत भरू की खाली गोळा करू? आणि हा पट्टा, धुतला की गिऱ्हाईकाच्या पाठीवर उमटेल! धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या माहेरी मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. ती उठली, दाराशी गेली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. व्यापाऱ्याला वाटलं गिऱ्हाईक चाललं. "अहो ताई, थांबा! असं काय करता!" म्हणत त्याने भाव असा खाली आणला, की थोरलीच अवाक झाली. तिने पटकन "द्या मग" म्हटलं आणि गठ्ठा काखेत मारला.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय गं, कुठे शिकलीस हे?"

"काय?"

"दारात जाऊन उभी राहिलीस ते."

"मला रडू येत होतं, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की गठ्ठा रस्त्यात ठेवून भिंतीला टेकावं लागलं. येणारेजाणारे बघत होते. त्या दिवसापासून त्या जावा राहिल्या नाहीत, काय झाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग तोच रिवाज पडला. थोरलीने नावं ठेवायची, धाकटीने दारात पाठ करून उभं राहायचं. भाव मनासारखा उतरला की थोरलीचं "द्या मग", नाहीतर "चल गं". "चल गं" म्हटलं की दोघी सरळ रस्त्यावर, मग वस्तू कितीही गोड दिसो. धाकटीने मध्ये वळून बघायचं नाही. तिच्या तोंडावर सगळं दिसायचं, डाव फसला असता. निर्णय थोरलीचा, आणि धाकटीने तो एकदाही मोडला नाही. शिलाईचं मशीन असंच आलं, कपाट असंच आलं, रेडिओ, पोराची सायकल, सगळं असंच. "सून तेवढी पुऱ्या भावात आणलीत," असं थोरले म्हणायचे, आणि सूनबाई बिचारी हसायची.

तर हा सगळा दारूगोळा घेऊन थोरली पुतण्याच्या गाडीत बसली. शेजारी धाकटी, चष्मा स्वच्छ पुसून. पुढे पुतण्या आणि सूनबाई, लग्नाला निघाल्यासारखे खुशीत.

फाटकावर पहारेकऱ्याने गाडी थांबवली, कुणाकडे, कशाला, किती माणसं, सगळं विचारलं. थोरली काच खाली करून म्हणाली, "बाबा रे, घर बघायला आलोय, उचलून न्यायला नाही." आत विक्रीवाली मुलगी वाट बघत होती. कडक इस्त्रीचा कोट, गोड आवाज. तिने सगळ्यांना बिनदाराच्या, बिनआवाजाच्या एका छोट्या गाडीत बसवलं आणि गवताच्या कडेकडेने फिरवायला निघाली. हिरवंगार, कापलेलं, विंचरलेलं गवत, नजर जाईल तिथवर. लांब कुठेतरी एक टोपीवाला माणूस काठी उगारून कधीचा उभा होता.

"हे गवत कुणाचं?" थोरलीने विचारलं.

"इथे राहणाऱ्या सगळ्यांचंच की, आजी."

"मग बसायचं कुठे?"

"गवतावर बसता नाही येत. खेळ चालू असतो ना."

"एवढं गवत, आणि बसायचं नाही! बघून काय करू? मी काय गाय आहे?"

मुलगी खळखळून हसली. पुतण्याने मागे वळून डोळा मारला. थोरली चडफडली. ती काही विनोद करायला आली नव्हती.

नमुन्याच्या घरात शिरल्याबरोबर ती हात धुऊन घराच्या पाठीमागे लागली. भिंत टकटक करून बघितली, पोकळ वाजते म्हणाली. झोपायच्या खोलीतल्या गादीत मूठ मारली. "हिच्यात काय भरलंय, हवा?"

"गादी नुसती दाखवायला ठेवलीय, आजी. घराबरोबर येत नाही."

"घर तरी येतं ना घराबरोबर?"

स्वयंपाकघराला दारच नव्हतं, ओट्यापासून सोफ्यापर्यंत सगळं एकच. "म्हणजे दूध उतू गेलं की पाहुण्यांना आधी कळणार," थोरली म्हणाली. "बाईमाणसाने घटकाभर रडायचं म्हटलं तरी सोय नाही." मुलीने लगेच फोनवर कुणाशी तरी बोलून सांगितलं, मधे सरकत्या काचेचं दार बसवून देऊ, आमच्याकडून. सूनबाईने आनंदाने नवऱ्याचा दंड दाबला.

थोरलीला हे अपेक्षित नव्हतं. तिने आवाज चढवला. "आणि अंथरुणं उन्हात कुठे घालायची?"

"बाहेर काही वाळत घालायला परवानगी नाही, आजी. सगळ्यांच्या घरांचं दृश्य छान राहावं म्हणून. सुकवायला मशीन आहे."

"गादी घालू मशीनमध्ये?"

हे मात्र तिने खोटं खोटं विचारलं नव्हतं. बोलता बोलता ती सोफ्यावर टेकली. कारण तिला गच्ची आठवली. गिऱ्हाइकांच्या उसवून परत भरलेल्या गाद्या, उशा, रजया, कडेपासून कडेपर्यंत पसरलेल्या. दाभण घेऊन एक जण या टोकाला, एक जण त्या टोकाला, टाके घालत घालत मधोमध भेटायचं. काम उरकलं की त्याच तापलेल्या गादीवर दोघी आडव्या, तोंडावर हात, आणि गप्पा. नवऱ्यांच्या, सासूच्या, शेजारणींच्या. कापसाचे धागे केसांत. एकदा तशाच झोपी गेल्या आणि सासूने खालून हाका मारमारून घसा कोरडा केला. वर येऊन बघते तर दोन्ही सुना गिऱ्हाइकाच्या गादीवर घोरताहेत! त्या दिवशी दोघींनी मिळून बोलणी खाल्ली, आणि खाताना एकमेकींकडे बघायचीसुद्धा चोरी, हसू फुटायचं. काय दिवस होते ते. आता दुकानात तयार गाद्या येऊन पडतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, आणि थोरले त्यांच्यात बसून पेंगतात.

"आजी, पाणी देऊ का?" मुलीने विचारलं.

"नको मला पाणी. आणि हे एवढं मोठं तावदान मैदानाकडे! तो टोपीवाला तिकडे कधीपासून काठी उगारून उभा आहे, त्याचा चेंडू माझ्या जावेच्या कपाळात बसला तर कोण जबाबदार?"

झालं! मुलगी गडबडली आणि व्यवस्थापकाला बोलवायला गेली. ती गेल्यावर पुतण्या थोरलीच्या कानाशी आला. त्याचा चेहरा फुलला होता. "मोठीआई, कमाल करतेस! मी तीनदा येऊन गेलो, एक खिळासुद्धा फुकट देत नव्हते. थांबू नको, अजून थोडं ताण."

थोरली आली होती घर मोडायला, आणि प्रत्येक वाक्यागणिक ते घर पक्कं होत चाललं होतं. कपाळ माझं, ती मनात म्हणाली. जन्मभर हेच एक केलं, आता दुसरं जमतच नाही.

व्यवस्थापक आला. टक्कल, घाम, अदब. आजींची काळजी अगदी रास्त आहे म्हणाला. कोपऱ्यावरचं एक घर आहे, मैदानापासून आत, बागेला लागून, खरं तर महागातलं, पण तुम्हाला याच भावात देतो. चला, दाखवतो.

कोपऱ्यावरचं घर रिकामं होतं, सामान नव्हतं. उंबरा नव्हता. फाटकापासून न्हाणीघरापर्यंत कुठे एक पायरी नव्हती. पुतण्या आणि सूनबाई खोल्या मोजत सुटले. थोरली दिवाणखान्यात उभी राहून नवीन काही खोट सापडते का बघत होती, आणि तेवढ्यात तिची नजर धाकटीवर गेली.

धाकटी चालत होती. एकटी. कुणाचा हात न धरता, भिंत न धरता, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून न्हाणीघरात, तिथून परत. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर जाऊन टेकली, बाहेर बघितलं, आणि उठली. नुसती उठली. "आई गं" नाही, काही नाही.

थोरली खोट शोधायची विसरली. घरी ही उठते कशी, उतरते कशी, ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि आणखी एक होतं, जे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. अलीकडे तिचे स्वतःचेच हात थरथरायला लागले होते. परवा जिन्यात धाकटीचा तोल गेला तेव्हा थोरलीची पकड सुटता सुटता राहिली. धाकटीला कळलंही नसेल. थोरली मात्र रात्रभर हाताकडे बघत जागी होती. उद्या खरंच सुटला तर? माझ्याच हातून ही खाली गेली तर?

व्यवस्थापकाने घसा साफ केला. "आजी, शेवटचं सांगतो. इथल्या गोल्फ क्लबची वर्गणी पहिली काही वर्षं माफ. याच्यापुढे माझ्या हातात काही नाही. आता तुम्ही म्हणाल ते."

सगळे थोरलीकडे बघायला लागले. पुतण्या, सूनबाई, कोटवाली मुलगी. धाकटी तेवढी बघत नव्हती. ती हळूहळू दाराशी गेली होती आणि बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून, पाठ करून उभी राहिली होती. कित्येक वर्षांत दोघींनी काही घासाघीस करून आणलं नव्हतं. तरी ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

थोरलीने ती पाठ बघितली. खांदे आता वाकले होते. नुसतं "चल गं" म्हणायचा अवकाश. पोर रुसेल, सूनबाई तोंड पाडेल, पण धाकटी निघेल. वळून बघणार नाही. आजवर कधी बघितलं नाही तिने. आणि मग संध्याकाळी दोघी आपल्या ओट्याशी, कोपराला कोपर. थोरलीच्या ओठांवर आलं होतं ते. अगदी ओठांवर.

"द्या मग," ती म्हणाली.

पुतण्याने "मोठीआई!" म्हणून तिला उचललीच जवळजवळ. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. व्यवस्थापकाने घाम पुसला. धाकटी लगेच वळली नाही. गुडघा अडला असेल, थोरलीला वाटलं.

मग काय, ऑफिसात सह्या झाल्या, चहा झाला, पुतण्याने उभ्या उभ्या मित्रांना फोन केले. "आमची मोठीआई! अरे, तिने व्यवस्थापकाला रडवला!" थोरली खुर्चीत ताठ बसून होती. चहा पाणचट आहे, एवढं ती म्हणाली, आणि सगळे पोट धरधरून हसले.

परतीच्या वाटेवर पुढे सोफा कुठे ठेवायचा यावर कडाक्याचा वाद रंगला होता. मागे धाकटी बाहेर बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही 'चल' म्हणाला नाहीत."

"काय?"

"मी दारात उभी राहून वाट बघत होते."

थोरलीला आधी नीट कळेना. मग कळलं, आणि ती आवाज दाबून म्हणाली, "अगं, तुला नको होतं तर तोंड नाही का तुला? सांगायचं होतंस!"

"पोराला मी कसं नाही म्हणू? किती हौसेने धडपडतोय माझ्यासाठी. तुम्ही म्हणाला असतात तर चाललं असतं. तुमच्या बोलण्याचा राग धरत नाही तो." धाकटीने चष्मा काढला. "मला वाटलं, एवढी नावं ठेवताय म्हणजे तुम्ही मोडणारच. मी निर्धास्त होते."

"आणि गुडघे? कशी चालत होतीस तिथे! मी बघितलं ना."

"चालले. मग काय झालं? घरी तुम्ही आहात की हात द्यायला."

थोरलीने आपले दोन्ही हात मांडीवर एकात एक घट्ट धरले. थरथर थांबेना. सांगावं का हिला? सांगितलं तर ही जायला कबूल होईल, पण जन्मभर काळजी करत बसेल. नाही सांगितलं तर हिला वाटणार, आपल्याला पाठवून दिलं. पण छे! अजून काय बिघडलंय? आजच तर सह्या केल्यात. उद्या फोन करून नाही म्हणता येईल. पोर रागावेल चार दिवस. ती पुढे वाकली आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, ऐक जरा..."

त्याने मान वळवली. लहानपणी सायकल घरी आणली त्या दिवशी होता तसाच चेहरा, कानापासून कानापर्यंत.

"मोठीआई, तू काही बोलू नको. तुझे उपकार फिटायचे नाहीत," तो म्हणाला. "आज तू नसतीस ना, तर आईला हे घर मिळालंच नसतं."

थोरलीने खांद्यावरचा हात काढून घेतला. शेजारून धाकटीने तो घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला, आणि मग तिला ती थरथर लागली. तिने एकदा त्या हाताकडे बघितलं, एकदा थोरलीच्या तोंडाकडे. तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

"पुढे बघ रे," थोरली पुतण्याला म्हणाली. "गाडी चालवतोयस."